नंबर पूलिंग

नंबर पूलिंग : एकाच भागात सेवा देणाऱ्या दूरध्वनी कंपन्यांनी आपल्याकडचे न वापरलेले नंबर सामाईक साठ्यात जमा करायचे आणि ज्या कंपनीला गरज पडेल तिने त्यातून लहान गटाने उचलायचे, अशी व्यवस्था. साठ्याला 'पूल' आणि गटाला 'ब्लॉक' म्हणतात. हजार नंबरांच्या ब्लॉकवर चालणारी ही पद्धत १९९८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, ८४७ या एरिया कोडमध्ये (नंबराच्या पहिल्या तीन अंकांनी ओळखल्या जाणाऱ्या भागात) प्रथम आजमावली गेली आणि मार्च २००२ पासून तिथे टप्प्याटप्प्याने देशभर लागू झाली. 'नंबर संपत आले' असे म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात काय संपत असते, हे तिच्या इतिहासातून फार स्वच्छ दिसते.

टंचाई कशी आली

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. २००० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पावणेतेरा लाखांच्या आसपास भरली. साऱ्या राज्याला एकच एरिया कोड, २०७. एका एरिया कोडमध्ये सुमारे ७९ लाख नंबर मावतात, म्हणजे तान्ह्या मुलासकट माणशी सहा. तरीही १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा कोड लवकरच संपणार असल्याचा इशारा मेनला मिळाला. फॅक्स, पेजर, मोडेम आणि मोबाइल यांनी त्या काळात मागणी वाढवली होती, हे खरे. पण माणशी सहा नंबर लागण्याइतकी नाही. नंबर लोकांपर्यंत पोहोचलेच नव्हते, ते कंपन्यांच्या कोठारात पडून होते.

याचे मूळ १९४७ च्या क्रमांक योजनेत आहे. एटी अँड टी कंपनीने आखलेल्या या योजनेत सुरुवातीला ८६ एरिया कोड होते. आज अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधील अनेक बेटदेश तिच्यात आहेत. दहा अंकी नंबरातले पहिले तीन अंक एरिया कोडचे, पुढचे तीन एक्स्चेंजचे आणि शेवटचे चार ग्राहकाचे. चार अंकांत ०००० ते ९९९९ असे दहा हजार नंबर बसतात, म्हणून एका एक्स्चेंज कोडबरोबर दहा हजारांचा गठ्ठा मिळे. एक्स्चेंज म्हणजे गावातली खरीखुरी इमारत होती आणि गावात कंपनीही एकच होती, तोवर ही विभागणी चोख चालली.

८ फेब्रुवारी १९९६ रोजी अमेरिकेचा नवा दूरसंचार कायदा अमलात आला आणि स्थानिक टेलिफोन सेवेची मक्तेदारी मोडली. नव्या कंपन्या आल्या. कॉल स्थानिक धरायचा की लांब पल्ल्याचा, हे ठरवण्यासाठी प्रत्येक एरिया कोडची लहान लहान 'रेट सेंटर' पाडलेली होती. ज्या रेट सेंटरमध्ये धंदा करायचा, तिथला एक्स्चेंज कोड कंपनीकडे असणे भाग होते. वीस रेट सेंटरमध्ये उतरणाऱ्या नव्या कंपनीला पहिला ग्राहक मिळण्याआधीच दोन लाख नंबर घ्यावे लागत. पुढे तिचे ग्राहक तीनशे झाले काय किंवा तीन हजार, बाकीचे नंबर इतर कोणाच्या उपयोगाचे राहत नसत. पावशेर साखर मागायला गेलेल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर दुकानदाराने पोतेच द्यावे, असा हा व्यवहार होता. अशा दहा-बारा कंपन्या आल्या की एरिया कोड कागदोपत्री भरलेला आणि प्रत्यक्षात अर्धा रिकामा.

एरिया कोड भरला की दोनच मार्ग असत. एक, भाग तोडून त्यातल्या अर्ध्या लोकांना नवा कोड द्यायचा. मग दुकानांच्या पाट्या, लेटरहेड, कार्डे, सगळे बदलायचे. दुसरा, जुन्या भागावरच नवा कोड चढवायचा. यात कोणाचा नंबर बदलत नाही, पण शेजारच्या घरी फोन करायलाही पूर्ण दहा अंक फिरवावे लागतात. लॉस एंजेलिसजवळच्या ३१० कोडमध्ये १९९९ मध्ये हा दुसरा मार्ग लादला गेला, तेव्हा रहिवाशांनी इतका गहजब केला की कॅलिफोर्नियाच्या नियामक आयोगाला तो स्थगित करावा लागला. आयोगाने मग नंबरांची मोजदाद केली, तर 'भरलेल्या' ३१० मध्ये लाखो नंबर पडून होते. चढवायचा तो ४२४ कोड शेवटी २००६ मध्ये आला. न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही हा प्रकार ठाऊक आहे: एडिसनच्या ७३२ वर २००१ च्या डिसेंबरात ८४८ चढला आणि सात अंकी फोन इतिहासजमा झाले.

सगळी योजनाच संपली असती तर काय झाले असते? दहाचे बारा अंक करायचे तर प्रत्येक एक्स्चेंज, प्रत्येक संगणक प्रणाली आणि प्रत्येक अर्जावरचा रकाना बदलावा लागला असता. हा खर्च ५० ते १५० अब्ज डॉलर होईल, असा अंदाज त्या वेळी मांडला गेला. पूलिंगला राजकीय बळ मिळाले ते या आकड्यामुळे.

हजाराचा हिशेब

मग आधीपासूनच हजार-हजारांनी वाटप का केले नाही? याचे उत्तर यंत्रात आहे. कॉल कुठे न्यायचा, हे जुनी एक्स्चेंजे नंबराचे पहिले सहा अंक वाचून ठरवत. सहा अंक एकाच कंपनीचे असल्याने पुढचे चार पाहण्याचे कारण नव्हते. दहा हजारांचे माप कोणा अधिकाऱ्याच्या लहरीने ठरलेले नव्हते, ते तारांमध्येच मुरलेले होते.

त्यावर उतारा सापडला तो वेगळ्याच कामासाठी बनलेल्या सोयीत. १९९६ च्या कायद्याने ग्राहकाला नंबर न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क दिला. त्यासाठी एक मध्यवर्ती माहितीकोश उभारावा लागला: कॉल जोडण्यापूर्वी तिथे विचारणा करायची, हा नंबर आता कोणाच्या एक्स्चेंजवर आहे याचा दहा अंकी पत्ता घ्यायचा आणि त्या पत्त्यावर कॉल धाडायचा. नंबर आणि एक्स्चेंज यांची गाठ एकदा सुटली, तेव्हा एकेका नंबराऐवजी सलग हजार नंबर दुसऱ्याच्या नावे करायलाही काही हरकत उरली नाही. पूलिंग म्हणजे थोडक्यात ठोक भावातली पोर्टेबिलिटी.

अंमलबजावणीचे नियम फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन (एफसीसी) या अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार नियामकाने ३१ मार्च २००० च्या आदेशात घालून दिले. क्रमांकांवरचा अधिकार कायद्याने एफसीसीकडे आहे, पण तो राज्यांना वाटून देता येतो. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, मॅसॅच्युसेट्स, मेन आणि न्यूयॉर्क या राज्यांनी सप्टेंबर १९९९ मध्येच तो मागून घेतला होता. राज्ये पुढे आणि केंद्र मागे, असा हा क्रम होता.

आदेशानुसार दहा हजारांच्या प्रत्येक कोडचे दहा ब्लॉक पाडले गेले. ज्या ब्लॉकमधले दहा टक्क्यांपर्यंतच नंबर वापरात असतील, तो कंपनीने पूलमध्ये द्यायचा. अशा ब्लॉकमधील जुन्या ग्राहकांचे काय? त्यांचे नंबर कंपनी आधी स्वतःच्याच नावे पोर्ट करून ठेवते आणि उरलेला ब्लॉक सोडते. अंशतः वापरलेल्या ब्लॉकला तिथल्या तांत्रिक भाषेत चक्क 'दूषित' म्हणतात. सहा महिने पुरेल एवढाच साठा कंपनीने जवळ ठेवावा, एक ब्लॉक नीट वापरल्याशिवाय दुसरा फोडू नये, वर्षातून दोनदा वापराचा हिशेब द्यावा आणि घेतलेले नंबर सहा महिन्यांत वापरात आणले नाहीत तर ते परत जावेत, ही बंधनेही आली. माझ्या मते पूलिंगइतकाच परिणाम या हिशेबसक्तीने साधला. त्याआधी कोणाकडे किती नंबर पडून आहेत, हे कोणी धड मोजतच नव्हते.

वाटपाचे काम एटी अँड टीच्या विभाजनानंतर १९८४ पासून बेलकोअर या संस्थेकडे होते. ती स्वतः टेलिफोन कंपन्यांच्याच मालकीची असल्याने नव्या कायद्याने तटस्थ प्रशासकाची अट घातली. लॉकहीड मार्टिन, तिच्यातून निघालेली न्यूस्टार आणि २०१९ पासून सोमोस, असा हा कारभार हस्तांतरित होत गेला.

मोबाइल कंपन्या नोव्हेंबर २००२ मध्ये पूलिंगमध्ये आल्या. इंटरनेटवरून बोलण्याची सोय देणाऱ्या कंपन्यांना थेट नंबर मिळू लागले ते २०१५ च्या निर्णयानंतर. पोर्टेबिलिटीची यंत्रणा नसलेल्या लहान ग्रामीण कंपन्यांना मात्र सूट मिळाली, म्हणून पूलिंग शंभर टक्के कधीच झाले नाही. त्याच क्रमांक योजनेत असलेल्या कॅनडाने तर बरीच वर्षे दहा हजारांचेच वाटप चालू ठेवले. तरीही फरक मोठा पडला. २००० च्या सुमारास, दहा-बारा वर्षांत संपेल अशी धास्ती असलेली योजना आता २०५० नंतरही पुरेल, असे प्रशासकांचे अंदाज सांगतात. मेन राज्य आजही एकट्या २०७ वर चालते.

भारतात

भारतात हजारी पूलिंग नाही आणि मोबाइलपुरती त्याची तेवढी गरजही भासली नाही. आपल्याकडे दूरसंचार विभाग मोबाइल नंबर गावागणिक देत नाही, परवाना क्षेत्रागणिक देतो. महाराष्ट्राच्या परवाना क्षेत्रात गोवा येतो आणि मुंबई येत नाही. ती स्वतंत्र क्षेत्र आहे. गडचिरोलीत न खपलेला नंबर कंपनीला पणजीत विकता येतो, त्यामुळे अमेरिकेसारखे रेट सेंटरचे कप्पे तयार झाले नाहीत. सुरुवातीचे गठ्ठे मात्र दांडगे होते: पहिले चार अंक एका कंपनीला, म्हणजे दहा लाख नंबर एकदम. त्या काळी ९८२० म्हटले की मुंबईतली एक कंपनी आणि ९८२२ म्हटले की उर्वरित महाराष्ट्रातली दुसरी, हे लोकांना तोंडपाठ असे. ९८२२ ने सुरू होणारा नंबर मिरवणारे जुनेजाणते आजही भेटतात. जानेवारी २०११ मध्ये पोर्टेबिलिटी देशभर आल्यापासून त्या अंकांवरून कंपनी ओळखता येत नाही, नंबर किती जुना आहे एवढेच कळते. पुढे ९ ची मालिका अपुरी पडल्यावर ८, ७ आणि ६ ने सुरू होणारे नंबर आले.

टंचाईवरचा आपला उपाय वेगळा होता. मे २०२० मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावण्याची शिफारस केली. १५ जानेवारी २०२१ पासून ती अमलात आली. त्या एका शून्यामुळे २५४ कोटींहून अधिक नंबर मोकळे होतील, असा ट्रायचा हिशेब होता. यंत्रांसाठीचे, म्हणजे सिम बसवलेल्या मीटर किंवा वाहनांसाठीचे नंबर त्याआधीच तेरा अंकी करून बाजूला काढले गेले होते.

अमेरिकी रेट सेंटरचा खरा भारतीय भाऊ म्हणजे लँडलाइनचा एसटीडी कोड. पुण्याचा ०२०, नागपूरचा ०७१२, गोव्याचा ०८३२, असे देशात अडीच हजारांहून अधिक लहान विभाग आहेत आणि प्रत्येकात प्रत्येक कंपनीला वेगळे नंबर द्यावे लागतात. लँडलाइन घटत गेली, कप्पे मात्र अडवलेलेच राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने लँडलाइनचे वाटपही या लहान विभागांऐवजी परवाना क्षेत्रावर आणण्याची शिफारस केली. नंबरांवर शुल्क लावले की कंपन्या साठा करणार नाहीत, ही कल्पनाही त्याआधीच्या चर्चेत होती. २०२४ मध्ये तिचा विपर्यास होऊन 'दुसऱ्या सिमला पैसे पडणार' अशी अफवा पसरली आणि ट्रायला खुलासा करावा लागला. शिफारशीत अखेर शुल्क वगळले गेले आणि वापराच्या वार्षिक तपासणीवर भर राहिला.

बंद पडलेला नंबर पुन्हा कधी द्यायचा, हा या साऱ्याचा नाजूक भाग. अमेरिकेत त्याला 'मुरवणे' म्हणतात: घरगुती नंबर जास्तीत जास्त ९० दिवस आणि व्यावसायिक नंबर वर्षभर मुरवता येतो. भारतात ९० दिवसांच्या आत तो दुसऱ्याला देत नाहीत. हा काळ लांबवला की साठा अडकतो, आणि आखडला की एकाच्या बँकेचा ओटीपी भलत्याच्याच फोनवर वाजतो.