एचआयव्हीबाधितांच्या पोषणासाठी कोणत्या योजना, अर्ज कुठे करायचा

एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. घरातल्या जेवणाचं मात्र एका अर्जात भागत नाही. तीन-चार खात्यांच्या योजना जोडून घ्याव्या लागतात. सुरुवात तलाठ्याकडून नको, एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाकडून करा. कोणता कागद कुठून निघतो, हे त्यांना ठाऊक असतं आणि गावात बोभाटाही होत नाही.

मुख्य आधार संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. दरमहा 1,500 रुपये थेट खात्यात येतात. वय 18 ते 65, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत, या अटी. ही मर्यादा आजच्या मजुरीच्या दरात हास्यास्पद आहे. कापूस वेचणीचा एक हंगाम धरला तरी माणूस बाहेर पडतो. म्हणून दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का, ते आधी ग्रामपंचायतीत बघा.

आधार कार्ड, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक पासबुक, फोटो आणि सरकारी रुग्णालयाचं आजाराचं प्रमाणपत्र एवढे कागद लागतात. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रातून द्यायचा. पोच घेतल्याशिवाय उठू नका. उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला काढताना आजार सांगायची काहीच गरज नाही. प्रमाणपत्र फक्त मुख्य अर्जाला, तेही बंद पाकिटात द्या. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार अशी माहिती ज्या कार्यालयाकडे असते, त्याने ती जपणं बंधनकारक आहे.

नवरा वारला असेल तर विधवा म्हणूनही याच योजनेत अर्ज करता येतो. मृत्यू दाखला लागतो, आजाराचा कागद लागत नाही आणि रक्कम तेवढीच. नाव फुटायची धास्ती असलेल्या बाईला मी हीच वाट सुचवेन. मात्र हे अनुदान सुरू झाल्यावर लाडकी बहीण योजनेचा लाभ घेता येत नाही.

धान्यासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत अंत्योदय शिधापत्रिकेचा अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्या एचआयव्हीबाधितांना अंत्योदय यादीत प्राधान्य द्यावं, असं केंद्राने 2009 मध्येच कळवलं आहे. कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य मिळतं. ‘इष्टांक संपला’, म्हणजे ठरवून दिलेला कोटा भरला, हे उत्तर हमखास ऐकायला मिळेल. तरी अर्ज लेखी द्या आणि नकारही लेखीच मागा.

सोबत क्षयरोग असेल तर नि-क्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा 1,000 रुपये मिळतात. नोंद आरोग्य केंद्रच करतं, तुम्ही खाते क्रमांक द्यायचा. गावातल्या बचत गटाला किंवा पतसंस्थेला हातभार लावायचा असेल तर क्षयरुग्णांसाठी ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंदणी करून आहाराची टोपली देता येते. त्याला रुग्णाची संमती हवीच.

आईवडील बाधित असतील किंवा मूल बाधित असेल, तर बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात.

औषध आणायला जाताना एसटीच्या साध्या गाडीत एचआयव्हीबाधितांना पूर्ण सवलत आहे. प्रमाणपत्राचं एआरटी केंद्रात विचारा. कुठे अडलं, तर 1097 हा एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे.