सॉसेज शिजवताना जंतू मारणं
सॉसेजच्या अगदी मधल्या भागापर्यंत इतकी उष्णता पोचवायची की साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय असले आजारी पाडणारे जंतू मरतील, एवढीच ही गोष्ट. पण गोची अशी की अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरवरच असतात, तव्यावर टाकला की मेले, सॉसेजसाठी मात्र मांसाचा खिमा करतात आणि वरचे जंतू थेट सॉसेजच्या पोटात जाऊन बसतात. म्हणून बाहेरून मस्त खरपूस झालेलं सॉसेज आतून कच्चं निघालं की पंचाईत.

मधोमध ७० अंश सेल्सिअस तापमान दोन मिनिटं टिकलं तर दहा लाख लिस्टेरियातला जेमतेम एखादा उरतो. तापमान कमी असेल तर वेळ जास्त द्यायचा, हिशोब दोन्हीचा मिळून असतो. अमेरिकेत घरी शिजवणाऱ्यांना पोर्क-बीफसाठी ७१ आणि चिकनसाठी ७४ अंश सांगतात. थर्मामीटरची सुई सगळ्यात जाड सॉसेजच्या टोकातून लांबीत आत सारायची. रंगावर अजिबात जाऊ नका, नायट्राइट (मांस टिकवायला घालतात तो क्षार) घातलेलं मांस पूर्ण शिजलं तरी गुलाबीच दिसतं. आणि पाण्यात शिजवत असाल तर पाणी खळखळा उकळू द्यायचं नाही, वरचं आवरण फुटतं न् चरबी सगळी पाण्यात, ७५-८० अंशावर निवांत शिजू द्यायचं.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जंतूचे बीजाणू (त्याचं चिवट, सुप्त रूप) मात्र एवढ्याने मरत नाहीत, त्यांना उकळतं पाणीही पुरत नाही. त्यांना वाढू न देणं हे काम नायट्राइट, मीठ आणि झटपट थंड करणं यांचं. 'बोट्युलस' म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेजच, या जंतूच्या विषबाधेला बोट्युलिझम हे नाव त्यावरूनच आलं, १८२० च्या आसपास जर्मनीतल्या युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने ही सॉसेजची विषबाधा नीट लिहून ठेवली होती.

शिजवून झालं म्हणजे सुटलो असंही नाही. सोलताना, काप करताना, पॅक करताना लिस्टेरिया परत चिकटतो आणि हा पठ्ठ्या फ्रिजमध्येसुद्धा वाढतो. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोलोनी नावाच्या सॉसेजमुळे हजारावर लोक आजारी पडले, दोनशेच्या वर दगावले, आणि तो जंतू सापडला कारखान्यातल्या शिजवल्यानंतरच्या भागात.

गोव्याचं चोरीस वेगळं, ते बनवताना शिजवतच नाहीत, मीठ, व्हिनेगर, मिरची आणि ऊन-धूर यांवर टिकवतात. त्यामुळे जंतू मारायचं काम आपल्या गॅसवरच होतं, कांदा आणि थोडं पाणी घालून, झाकण ठेवून, आतपर्यंत शिजेस्तोवर, पाव नंतर.