घरची गर्दी कोणाच्या हाताला बळ देते?

३ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचा ओहायो स्टेटशी सामना होता. नियमित हंगामातला घरच्या मैदानावरचा हा शेवटचा सामना, म्हणजे 'सिनियर डे'. अखेरच्या वर्षातल्या खेळाडूंना या दिवशी निरोप देतात. पूर्वार्ध संपायला सेकंदभरही उरला नसताना ओहायो स्टेटला टेक्निकल फाउल (गैरवर्तनाची शिक्षा) मिळाला आणि आयोवाची केटलिन क्लार्क फ्री थ्रोच्या, म्हणजे कोणाच्याही अडथळ्याविना चेंडू टाकण्याच्या, रेषेवर येऊन उभी राहिली. समोर १५ फुटांवर बॅकबोर्ड, भोवती सुमारे १५ हजार माणसं. दोन्ही चेंडू आत गेले आणि पुरुष खेळाडू पीट मॅराविचचा, अमेरिकी कॉलेजांच्या एनसीएए स्पर्धांच्या वरच्या श्रेणीतला १९७० पासूनचा ३,६६७ गुणांचा विक्रम मोडला.

घरच्या प्रेक्षकांमुळे खेळाडूला बळ मिळतं, असं आपण सहज म्हणतो. हे अर्धंच खरं आहे. तीच गर्दी एखाद्या कामात हात देते आणि दुसऱ्या कामात हात थरथरवते.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्क यांनी १९६५ मध्ये याची मांडणी केली. कोणी बघत असलं की शरीर उत्तेजित होतं आणि अंगवळणी पडलेली कृती जोर धरते. काम सोपं किंवा सवयीचं असेल तर ते आणखी चांगलं होतं, नवं किंवा गुंतागुंतीचं असेल तर बिघडतं. १९६९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर तपासलं. प्रखर उजेडापासून पळणाऱ्या झुरळाच्या वाटेला लागून पारदर्शक खोकी ठेवली आणि त्यांत 'प्रेक्षक' म्हणून दुसरी झुरळं बसवली. सरळ वाटेवर झुरळ प्रेक्षकांसमोर जास्त जोरात पळालं. वळण घ्यावं लागणाऱ्या वाटेवर मात्र त्याला जास्त वेळ लागला. बघ्यांचा परिणाम किती मुळाशी जाऊन होतो हे दाखवणारा याहून सुंदर प्रयोग मला माहीत नाही.

बास्केटबॉलमध्ये ही सरळ वाट आणि हे वळण एकाच सामन्यात भेटतात. रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडण्यासाठी, उडी मारणं, मागे धावत येऊन बचाव करणं ही मेहनतीची कामं. फ्री थ्रो हे निव्वळ एकाग्रतेचं काम: घड्याळ थांबलेलं, कोणी आडवं येत नाही आणि विचार करायला नको तेवढा वेळ. मॅट गोल्डमन आणि जस्टिन राव यांनी २०१२ मध्ये एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगच्या आकडेवारीतून दाखवलं की अटीतटीच्या क्षणी घरच्या संघाचे आक्रमणातले रिबाउंड सुधारतात, पण त्याच संघाचे फ्री थ्रो बिघडतात. पाहुण्यांच्या फ्री थ्रोच्या वेळी प्रेक्षक आरडाओरडा करतात, आपल्या खेळाडूसाठी श्वास रोखून बसतात. त्या शांततेत खेळाडूचं लक्ष स्वतःच्या मनगटाकडे, कोपराकडे जातं आणि हजारो वेळा आपोआप झालेली हालचाल अडखळते.

इथे अनुभवी खेळाडू वेगळी पडते. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी विद्यापीठ पातळीवरच्या महिला बास्केटबॉलपटूंच्या डोळ्यांवर यंत्र बसवून फ्री थ्रोच्या वेळी नजर कुठे जाते ते मोजलं. १९९६ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांचे फ्री थ्रो हमखास जात, त्या चेंडू वर उचलण्याआधी रिंगवरच्या एकाच जागेवर जवळपास सेकंदभर नजर रोखून धरत. कच्च्या खेळाडूंची नजर त्याच्या निम्माही वेळ ठरत नसे. या स्थिर नजरेचं प्रशिक्षण देता येतं, हेही पुढे दिसून आलं. म्हणजे सिनियर खेळाडूचा धीर हा केवळ स्वभावाचा भाग नाही, त्यात सरावाने घडलेली नजरही असते.

क्लार्कची कारकीर्द या दृष्टीने बघण्यासारखी आहे. ती २०२०-२१ मध्ये कोरोनाच्या काळात आयोवात आली. त्या हंगामात सर्वसामान्य प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. रिकाम्या खुर्च्यांसमोर तिने सामन्यामागे सरासरी २६.६ गुण काढले आणि पहिल्याच वर्षी देशात अव्वल ठरली. गर्दी नंतर आली. शेवटच्या वर्षी, १५ ऑक्टोबर २०२३ रोजी, अमेरिकन फुटबॉलच्या किनिक स्टेडियमवर डिपॉल विद्यापीठाविरुद्धच्या प्रदर्शनीय सामन्याला ५५,६४६ लोक आले होते.

महिलांच्या खेळात अशा सिनियर मुळात टिकतात, त्याला एक नियम कारण आहे. पुरुषांमधले गुणी खेळाडू कॉलेजात एक वर्ष काढून एनबीएकडे वळू शकतात. महिलांच्या व्यावसायिक लीगच्या, डब्ल्यूएनबीएच्या, निवडीसाठी मात्र अमेरिकी मुलीने त्या वर्षात बावीस पूर्ण करणं किंवा पदवी घेणं लागतं. त्यामुळे चाहते एकेका मुलीला तीन-चार वर्षं वाढताना बघतात. क्लार्कची सहखेळाडू केट मार्टिन तर गुडघ्याची दुखापत आणि कोरोनामुळे मिळालेलं जादा वर्ष धरून सहाव्या वर्षी खेळत होती. माझ्या मते या गर्दीच्या जिव्हाळ्याचं मूळ इथे आहे.

आयोवात त्याखाली आणखी जुना थर आहे. तिथल्या शाळांत मुलींचं सहा-सहा जणींचं बास्केटबॉल १९९३ पर्यंत चाललं, आणि गावंच्या गावं ते बघायला लोटायची. ३ फेब्रुवारी १९८५ रोजी, पुढे क्लार्कने विक्रम मोडला त्याच अरीनात, महिलांच्या सामन्याला २२,१५७ लोक शिरले होते. क्लार्कच्या सामन्यांना आलेल्या कितीतरी आज्या स्वतः तो खेळ खेळलेल्या होत्या.

गर्दीचा आवाज पंचांच्या कानावरही पडतो. ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फुटबॉलच्या ४० पंचांना लिव्हरपूलच्या एका सामन्यातले प्रसंग दाखवले, काहींना आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. कोरोनात युरोपातली मैदानं रिकामी झाली तेव्हा पाहुण्या संघांना पिवळी कार्डं जास्त मिळण्याचा कलही ओसरला. महिलांच्या एनसीएए स्पर्धेत तर वरच्या सोळा मानांकित संघांना पहिल्या दोन फेऱ्या घरीच खेळायला मिळतात. पुरुषांमध्ये ही सोय नाही. २०२४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने दुसऱ्या फेरीत आयोवाला शेवटच्या काही मिनिटांपर्यंत झुंजवलं, तेव्हा ६४-५४ असा विजय घरच्या गर्दीसमोर मिळाला होता.

तरीही गर्दी आणि सिनियर एकत्र आले की विजय ठरलेला, असं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच भरलेल्या अरीनात कॅन्सस स्टेटने आयोवाला ६५-५८ असं हरवलं. क्लार्कचे ३२ पैकी ९ च चेंडू आत गेले. एनसीएए स्पर्धेचा आयोवा आणि साउथ कॅरोलायना यांच्यातला अंतिम सामना ७ एप्रिल २०२४ रोजी क्लीव्हलंडच्या तटस्थ मैदानावर झाला. अमेरिकेत सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी तो टीव्हीवर बघितला, पुरुषांच्या अंतिम सामन्याहून जास्त. साउथ कॅरोलायना ८७-७५ ने जिंकली आणि हंगामभर अपराजित राहिली. आदल्या वर्षी सामन्याची सुरुवात करणाऱ्या या संघाच्या पाचही खेळाडू निघून गेल्या होत्या.

या सामन्यातला एक आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. साउथ कॅरोलायनाच्या राखीव खेळाडूंनी ३७ गुण केले, आयोवाच्या राखीव खेळाडूंनी शून्य. झायोन्क यांची मांडणी इथे लावून बघितली तर राखीव खेळाडूंनाही भरलेल्या मैदानावर खेळायला मिनिटं मिळायला हवीत, कारण गर्दीसमोर उपयोगी पडतं ते आधी अंगात मुरलेलं कसब. आयोवाने ती मिनिटं बहुतेक आपल्या सिनियरनाच दिली होती.