चोर सोडून संन्याशाला फाशी : टाइप वन डायबेटीस आणि ऑटोअँटीबॉडी

टाइप वन डायबेटीस झालेल्या माणसाच्या किंवा अशा मुलाच्या आईवडिलांच्या हातात कधी ना कधी एक रिपोर्ट येतो, त्यावर गॅड ६५ अँटीबॉडी असं काहीतरी लिहिलेलं (अँटीबॉडी म्हणजे जंतूंना चिकटणारी प्रोटीन, इथे ती आपल्याच शरीरावर उलटलेली, म्हणून ऑटोअँटीबॉडी), पुढे आकडा, त्यापुढे नॉर्मल रेंज, आणि आकडा रेंजच्या कितीतरी पट असला की धसकाच बसतो. मग हमखास एकच प्रश्न येतो, या अँटीबॉडी कमी करायचं औषध नाही का? म्हणजे स्वादुपिंड तरी वाचेल. प्रश्न चुकीचा वाटतच नाही. मलाही बरीच वर्षं वाटायचं की याच अँटीबॉडी रक्तातून जाऊन इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारत असणार, नावावरून तरी तसंच वाटतं ना. पण हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

खरा मारेकरी टी सेल, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आत काय काय बनतंय त्याचे बारीक तुकडे बाहेरच्या आवरणावर लावून ठेवते, एचएलए नावाच्या खुंटीवर टांगून. टी सेल येताजाता ते चाचपतात, व्हायरसचा तुकडा दिसला की ती पेशी संपवतात. टाइप वनमध्ये काही टी सेल इन्सुलिनच्याच तुकड्याला परका समजतात, बीटा पेशीला चिकटतात, तिच्या आवरणाला भोकं पाडतात आणि आत एन्झाइम सोडून तिला मरायला लावतात. अँटीबॉडीला हे जमणार तरी कसं, कारण ज्या गॅडवर ती चिकटते ते प्रोटीन पेशीच्या आत असतं आणि अँटीबॉडी फिरते बाहेर रक्तात.

याला पुरावे पण छान आहेत. टाइप वन असलेल्या आईच्या अँटीबॉडी वारेतून बाळात जातात, जन्मतः बाळाच्या रक्तात त्या सापडतात, पण म्हणून बाळाला डायबेटीस होत नाही, काही महिन्यांत त्या आपोआप नाहीशा होतात. दुसरी केस याहून भारी, २००१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. एका मुलाला जन्मापासूनच बी सेल नव्हते (अँटीबॉडी बी सेलच्या वंशातल्या पेशीच बनवतात, म्हणजे कारखानाच नाही) आणि तरीही त्याला टाइप वन झाला. आता संन्यासी अगदीच धुतल्या तांदळासारखा आहे असंही नाही, निदान त्याचं घराणं तरी नाही, कारण बी सेल टी सेलना ते तुकडे दाखवून चिथवतात, आणि २००९ च्या एका ट्रायलमध्ये बी सेल कमी करणारं रिटुक्सिमॅब दिल्यावर नव्या पेशंटमध्ये इन्सुलिन आटण्याचा वेग काही काळ मंदावला होता. पण सुरी संन्याशाच्या हातात नव्हती एवढं नक्की.

मग मोजायच्या कशाला? कारण हे बीटा पेशी मारणारे टी सेल रक्तात मोजणं फार अवघड आहे, ते संख्येने अगदी थोडे आणि खरी मारामारी स्वादुपिंडात चाललेली, तिथे सुई घालून तुकडा काढणं कोणी सहजासहजी करत नाही. अँटीबॉडी मात्र हातातल्या रक्तात मिळतात, वर्षानुवर्षं टिकतात, आणि आत काय चाललंय त्याची चुगली करतात.

ही चुगली पहिल्यांदा ऐकली गेली १९७४ मध्ये लंडनमध्ये. जियान फ्रँको बोताझो आणि डेबोरा डोनियाक यांनी माणसाच्या स्वादुपिंडाची गोठवलेली पातळ चकती काचेवर घेतली, त्यावर पेशंटचं सीरम (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारं पाणी) टाकलं, धुतलं, मग त्या अँटीबॉडीला चिकटणारं चमकणारं रसायन टाकून अल्ट्राव्हायोलेट मायक्रोस्कोपखाली बघितलं. बाकी सगळा टिश्यू काळपट आणि मध्येच हिरवी चमकणारी बेटं. ती बेटं म्हणजे आयलेट, बीटा पेशी ज्यात असतात ते पुंजके, १८६९ मध्ये पॉल लांगरहान्स यांना दिसलेली, अख्ख्या स्वादुपिंडात मिळून दहा लाखांच्या आसपास असतात पण वजनाने एकदोन टक्केच. या टेस्टसाठी स्वादुपिंड ओ रक्तगटाच्या माणसाचं लागायचं, कारण ए किंवा बी गटाचं घेतलं तर सीरममधल्या रक्तगटाच्या साध्या अँटीबॉडीच टिश्यूला चिकटून सगळीकडे चमक आणायच्या. अशा फालतू वाटणाऱ्या गोष्टींवर किती काय अवलंबून असतं.

पण चिकटतंय नक्की कशाला हे कळायला अजून बरीच वर्षं गेली. १९८३ मध्ये दिसलं की इन्सुलिनचं एकही इंजेक्शन न घेतलेल्या नव्या पेशंटमध्ये सुद्धा इन्सुलिनविरुद्ध अँटीबॉडी असतात. त्याच्या आदल्या वर्षी अजून एक प्रोटीन सापडलं होतं, त्याला नाव पण नव्हतं, वजनावरून नुसतं ६४ के म्हणायचे. त्याची ओळख पटली ती भलत्याच दारातून. स्टिफ पर्सन सिंड्रोम नावाचा एक दुर्मिळ मेंदूचा आजार आहे, स्नायू लाकडासारखे ताठ होतात, त्याच्या पेशंटमध्ये गॅड या एन्झाइमविरुद्ध अँटीबॉडी मिळाल्या, आणि १९८८ मध्ये ज्या पेशंटवरून हे सुरू झालं त्याला टाइप वन सुद्धा होता. गॅड मेंदूत गाबा हे निरोप पोचवणारं रसायन बनवतं आणि बीटा पेशींतही असतं. दोन आणि दोन चार झाले, १९९० मध्ये सिद्ध झालं की ६४ के म्हणजेच गॅड. पुढे आयए टू नावाचं अजून एक प्रोटीन आलं, आणि २००७ मध्ये झिंक ट्रान्सपोर्टर एट. हे शेवटचं मला सगळ्यात आवडतं, कारण बीटा पेशी इन्सुलिन साठवते ते सहा सहाच्या जुडग्यात, झिंकभोवती बांधून, आणि ते झिंक पिशवीत ढकलणारा हमाल म्हणजे हे प्रोटीन. म्हणजे मालावर संशय, माल बांधणाऱ्यावर पण संशय.

आता मुद्द्याची गोष्ट, आकडा किती मोठा आहे यापेक्षा किती वेगवेगळ्या अँटीबॉडी आहेत ते जास्त महत्त्वाचं. अमेरिका, फिनलंड आणि जर्मनीत जोखमीच्या मुलांना जन्मापासून फॉलो केलं गेलं, त्याचे एकत्रित निकाल २०१३ मध्ये आले. दोन किंवा जास्त प्रकारच्या अँटीबॉडी तयार झालेल्या मुलांपैकी जवळपास ७० टक्के मुलांना १० वर्षांत डायबेटीस झाला, एकच असलेल्यांत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आत होतं, आणि एकही नसलेल्यांत पंधराव्या वर्षापर्यंत अर्ध्या टक्क्याहून कमी. यावरून २०१५ मध्ये आजाराच्या स्टेज ठरल्या. दोन अँटीबॉडी आणि शुगर एकदम नॉर्मल, तरी स्टेज वन, म्हणजे तहान नाही, वजन घटलेलं नाही, मूल मस्त खेळतंय आणि कागदावर आजार सुरू झालेला आहे. शुगर थोडी बिघडली की स्टेज टू, आणि आपण ज्याला डायबेटीस झाला म्हणतो ती थेट स्टेज थ्री. आईवडिलांना हे ऐकणं सोपं नसतं हे मान्य, पण ज्यांच्यावर आधीपासून लक्ष असतं ती मुलं किटोअ‍ॅसिडोसिस (इन्सुलिन नसल्याने रक्तात आम्ल साठणं) होऊन आयसीयूत पोचण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. इटलीने तर २०२३ मध्ये मुलांच्या स्क्रीनिंगचा कायदाच केला. शिवाय नव्या पेशंटपैकी ९० टक्के घरांत आधी कोणालाच टाइप वन नसतो, त्यामुळे आमच्याकडे कोणाला नाही हे काही उत्तर नाही.

रिपोर्ट वाचताना काही खाचखळगे आहेत. इन्सुलिन सुरू होऊन एकदोन आठवडे झाले की इंजेक्शनमुळेच अँटीबॉडी तयार व्हायला लागतात, मग इन्सुलिन अँटीबॉडीची टेस्ट करणं म्हणजे पैसे पाण्यात. एकच अँटीबॉडी आणि तीही जेमतेम पॉझिटिव्ह असेल तर पुन्हा तपासल्याशिवाय काही ठरवू नये. निगेटिव्ह आला म्हणून टाइप वन नाहीच असंही नाही, थोड्या पेशंटमध्ये काहीच सापडत नाही, आणि जुन्या पेशंटमध्ये तर बऱ्याच विरून गेलेल्या असतात. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डायबेटीस झाला तर ती केसच वेगळी, तो बहुतेक वेळा एखाद्या जीनमधल्या बिघाडाने असतो, आणि त्यातल्या काही बाळांचं इन्सुलिन सुटून सल्फोनिलयुरियाच्या गोळीवर भागतं, त्यामुळे तिथे जीन टेस्ट करायलाच हवी. उलट टोकाला, चाळिशीत डायबेटीस निघाला, टाइप टू म्हणून गोळ्या चालू, माणूस सडपातळ आणि शुगर ऐकतच नाही, अशा वेळी गॅड करून बघावं. आणि हो, टाइप वनवाल्यांनी थायरॉइड आणि गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडवणाऱ्या सीलिअ‍ॅकच्या अँटीबॉडी पण अधूनमधून बघायच्या असतात, हे आजार एकमेकांचा हात धरून येतात.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो, औषध. आहे, पण अँटीबॉडीवर नाही. टेप्लिझुमॅब नावाचं, अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं, रोज एक असं १४ दिवस शिरेतून द्यायचं, आणि ते जाऊन पकडतं टी सेलला. २०१९ ला आलेल्या ट्रायलमध्ये स्टेज टूमधले ७६ जण होते, औषध न मिळालेल्यांना डायबेटीस व्हायला मध्यक (मीडियन) २४ महिने लागले, मिळालेल्यांना ४८. गंमत अशी की औषध कोणाला द्यायचं हे ठरवायला मात्र संन्याशाचीच साक्ष लागते, दोन अँटीबॉडी दाखवा मग पुढे बोला.

एकदा डायबेटीस झाल्यावर अँटीबॉडीपेक्षा उपयोगी टेस्ट म्हणजे सी पेप्टाइड. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा एका लांब साखळीतून मधला तुकडा कापून टाकतं, तो हा, एका इन्सुलिनमागे एक, आणि इंजेक्शनच्या इन्सुलिनमध्ये तो नसतोच, त्यामुळे रक्तात सापडला की समजायचं घरचं इन्सुलिन अजून थोडं चालू आहे. आधी समज होता की काही वर्षांत सगळ्या बीटा पेशी संपतात. मग बोस्टनच्या जॉस्लिन या डायबेटीस सेंटरने ५० वर्षांहून जास्त काळ टाइप वन असलेल्यांना तपासलं, तर जवळपास दोनतृतीयांश लोकांत सी पेप्टाइडचा किंचितसा का होईना मागमूस निघाला, आणि त्यांच्यातल्या ज्या मोजक्या लोकांचं स्वादुपिंड मरणोत्तर तपासायला मिळालं त्या प्रत्येकात बीटा पेशी होत्या, तुरळक, इकडेतिकडे विखुरलेल्या, पण इन्सुलिन भरलेल्या.