अणुसंरचना आणि इलेक्ट्रॉन संरूपण

अणूच्या मध्यभागी असलेले धनप्रभारित केंद्रक आणि त्याभोवतीचे ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन यांच्या रचनेला अणुसंरचना म्हणतात, तर हे इलेक्ट्रॉन कोणत्या ऊर्जापातळीत किती आहेत हे दाखवणाऱ्या मांडणीला इलेक्ट्रॉन संरूपण म्हणतात. मूलद्रव्य कोणते, हे केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या म्हणजेच अणुअंक ठरवतो. परंतु ते मूलद्रव्य कशाशी संयोग पावेल आणि किती तीव्रतेने, हे मुख्यतः सर्वांत बाहेरच्या, म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असते.

जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लावला. सोन्याच्या वर्खावर अल्फा कणांचा (धनप्रभारित हेलियम केंद्रकांचा) मारा केल्यावर बहुतेक कण सरळ पार जातात, पण अगदी थोडे चक्क मागे फिरतात, या निरीक्षणावरून अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये केंद्रकाचे अस्तित्व मांडले. न्यूट्रॉनचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये लावला. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे वस्तुमान जवळजवळ सारखे असते, तर इलेक्ट्रॉनचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १/१८३६ इतकेच असते. त्यामुळे अणूचे जवळपास सगळे वस्तुमान केंद्रकात एकवटलेले असते, आणि तरीही अणूच्या आकारमानात केंद्रकाचा वाटा नगण्य असतो. सोडियमचे केंद्रक एक सेंटीमीटर व्यासाच्या गोटीएवढे मानून ते मुंबईत दादरच्या शिवाजी पार्क मैदानाच्या मधोमध ठेवले, तर त्या प्रमाणात अणूची बाहेरची हद्द सुमारे पावणेतीनशे मीटरवर, म्हणजे मैदानाभोवतीचा कट्टा ओलांडून पलीकडच्या गल्ल्यांत जाईल.

नील्स बोर यांनी १९१३ मध्ये असे मांडले की इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्या कक्षांतच राहू शकतात. या कक्षांना केंद्रकापासून बाहेरच्या क्रमाने के, एल, एम, एन अशी कवचे म्हणतात, आणि कवचाचा क्रमांक न असेल तर त्यात जास्तीत जास्त २न² इलेक्ट्रॉन मावतात: अनुक्रमे २, ८, १८, ३२. शाळेच्या पुस्तकात कवचे वर्तुळांनी दाखवतात. इलेक्ट्रॉनांची मोजदाद करायला ते चित्र उत्तम आहे, मात्र इलेक्ट्रॉन त्या रेषेवरून फिरतो असे समजणे चूक ठरते. १९२६ मध्ये एर्विन श्र्योडिंगर यांनी मांडलेल्या समीकरणातून इलेक्ट्रॉनचा मार्ग मिळत नाही. तो कोठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच मिळते. अशा शक्यतेच्या प्रदेशाला कक्षक म्हणतात.

मिठागरांत समुद्राचे पाणी आटून जे मीठ उरते, त्यात या मांडणीचा परिणाम प्रत्यक्ष दिसतो. सोडियमचे संरूपण २, ८, १ आणि क्लोरीनचे २, ८, ७ आहे. सोडियमचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला की दोन्ही आयनांच्या (प्रभारित अणूंच्या) बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन होतात. सोडियम एकच इलेक्ट्रॉन का देतो, याचे उत्तर मोजमापात आहे. त्याचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोजूल प्रति मोल ऊर्जा लागते, तर दुसरा काढायला ४,५६२. ही नऊपटींहून मोठी उडी म्हणजे कवचांच्या अस्तित्वाचा ठोस पुरावाच आहे, कारण दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या, केंद्रकाने अधिक घट्ट धरलेल्या कवचातला असतो. मॅग्नेशियमच्या बाबतीत हीच उडी तिसऱ्या इलेक्ट्रॉनला दिसते: ७३८, १,४५१ आणि मग एकदम ७,७३३.

सोडियमचा हाच एकटा इलेक्ट्रॉन पिवळ्या प्रकाशालाही कारण होतो. स्वयंपाकघरात मिठाचे पाणी उतू जाऊन गॅसवर पडले की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. उष्णतेने तिसऱ्या कवचातील हा इलेक्ट्रॉन ३एस या उपकवचातून (कवचाच्या एका भागातून) ३पी या जास्त ऊर्जेच्या उपकवचात जातो आणि परत येताना ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये पांढरे एलईडी दिवे बसवण्यापूर्वी जो पिवळा उजेड असे, तोही सोडियमच्या बाष्पाचा होता. रस्त्यांवरच्या उच्च दाबाच्या दिव्यांत मात्र या रेषा पसरट होतात आणि इतर रंगही मिसळतात.

ही सारी उलाढाल केंद्रकाला धक्का न लावता होते. मुंबईतच, तुर्भे येथे, ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. अणुभट्टीत जे घडते ते केंद्रकाचे विखंडन, म्हणजे केंद्रक फुटणे आहे. युरेनियमच्या एका केंद्रकाच्या विखंडनातून सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवर वापरायचे ऊर्जेचे एकक) ऊर्जा मिळते, तर सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन सुटायला जेमतेम ५.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. अणुऊर्जा आणि रासायनिक ऊर्जा यांतील अंतर विद्यार्थ्यांनी या दोन आकड्यांवरून मनात पक्के करावे.

पोटॅशियमपाशी एक रास्त शंका येते. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावत असताना पोटॅशियमचे संरूपण २, ८, ९ असे न होता २, ८, ८, १ का होते? नियम म्हणून पाठ करून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. प्रत्येक कवचात उपकवचे असतात: एस मध्ये २, पी मध्ये ६, डी मध्ये १० आणि एफ मध्ये १४ इलेक्ट्रॉन मावतात. एका कक्षकात दोनच इलेक्ट्रॉन राहू शकतात आणि त्यांचे स्पिन (इलेक्ट्रॉनचा एक अंगभूत गुणधर्म) परस्परविरुद्ध असावे लागते. वोल्फगांग पाउली यांच्या १९२५ च्या अपवर्जन तत्त्वाचा हा परिणाम आहे. आता ४एस मधील इलेक्ट्रॉन सरासरीने दूर असला, तरी केंद्रकाच्या अगदी जवळ सापडण्याची त्याची शक्यता ३डी मधील इलेक्ट्रॉनपेक्षा जास्त असते. आतल्या इलेक्ट्रॉनांची आड त्याला तेवढी येत नाही, त्यामुळे पोटॅशियम आणि कॅल्शियममध्ये ४एस ची ऊर्जा ३डी पेक्षा कमी राहते आणि ते आधी भरते. बाह्यतम कवचात आठांहून जास्त इलेक्ट्रॉन सहसा का दिसत नाहीत, याचेही मूळ येथेच आहे: डी उपकवच भरू लागण्याआधी पुढच्या कवचाचे एस सहसा भरलेले असते, म्हणून सर्वांत बाहेर एस आणि पी एवढीच, २ अधिक ६, जागा उरते.

स्कँडियमपासून (२, ८, ९, २) ३डी भरू लागते. क्रोमियम आणि तांबे येथे अपवाद ठरतात. त्यांच्या ४एस मध्ये एकच इलेक्ट्रॉन असतो आणि ३डी मध्ये अनुक्रमे ५ व १०. भरण्याचा क्रम आणि निघण्याचा क्रम सारखा नसतो, हेही ध्यानात ठेवावे. लोखंडाचे संरूपण २, ८, १४, २ आहे, पण आयन होताना आधी ४एस चे दोन इलेक्ट्रॉन जातात आणि मग ३डी मधील एक. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत खिडकीच्या गजांवर चढणाऱ्या तांबूस गंजातील लोह याच तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत असते.