न्यायालयीन चित्रपट आणि कोकण

ज्या चित्रपटाच्या कथेचा कणा खटला, वकील किंवा न्यायासाठीची झुंज असतो, त्याला न्यायालयीन चित्रपट म्हणतात. बोलीत ‘कोर्टरूम ड्रामा’ हाच शब्द रुळला आहे. हिंदीत एकही गाणे नसलेला ‘कानून’ (१९६०), ‘दामिनी’ (१९९३), ‘जॉली एलएलबी’ (२०१३) हे या प्रकारातले परिचित चित्रपट. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या किनारी जिल्ह्यांशी या चित्रपटांचा संबंध दोन अंगांनी येतो. पडद्यावर आलेल्या काही मोठ्या खटल्यांची मुळे कोकणात आहेत. शिवाय कोर्टकचेरी हा इथल्या घराघरांतला अनुभव आहे आणि नेमका तोच पडद्यावर फार थोडा उतरला आहे.

पडद्यावरचा खटला बहुधा खुनाचा असतो. न्यायाधीश हातोडा आपटतात, साक्षीदार गीतेवर हात ठेवतो, शेवटच्या क्षणी पुरावा सापडतो. प्रत्यक्षात भारतीय न्यायाधीश हातोडा वापरत नाहीत आणि शपथ १९६९च्या शपथ अधिनियमातल्या मजकुराने दिली जाते. कोकणातला नमुनेदार वाद तर दिवाणी असतो : सामाईक जमिनीची वाटणी, कुळाचा हक्क, आंब्याच्या बागेची वहिवाट, गडगा म्हणजे दगडी कुंपण सरकवल्याची तक्रार, पाणंद अडवल्याची तक्रार. दक्षिण कोकणात असे वाद आधी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालून, कौल लावूनही मांडले जात. तिथे मिटले नाहीत, की वकीलपत्र भरले जाई.

तालुक्याच्या कोर्टातली एक तारीख अशी असते. शिपाई दारात येऊन पक्षकारांचा पुकारा करतो. पिशवीत सातबारा, फेरफाराचे उतारे आणि जुन्या खरेदीखताची झेरॉक्स घेऊन बसलेला म्हातारा उठतो. वकील पुढे होतात. प्रतिवादींपैकी एकाला अजून समन्स लागलेले नाही, एवढे कळते आणि पुढची तारीख पडते. झाले. वारस मुंबई, पुणे, बडोदा असे पांगलेले असतात आणि वाटणीच्या दाव्यात प्रत्येकाला पक्षकार करावे लागते. त्यातला एखादा वारला, तर त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यायला ९० दिवसांत अर्ज द्यावा लागतो. तो राहिला तर दावा त्याच्यापुरता ‘अबेट’ होतो, म्हणजे आपोआप संपतो, आणि सगळे पुन्हा मागे येते. चाकरमानी मे महिन्यात गावी येतो, तेव्हा दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते. तारखेसाठी त्याला वेगळी रजा काढावी लागते. या कथेत खलनायक नाही, टाळीचे वाक्यही नाही. म्हणून पटकथालेखक तिच्याकडे वळत नसावेत. पण तिच्यात माणसे आयुष्य घालवतात, आणि तेवढ्यासाठी तरी ती सांगितली गेली पाहिजे.

कोकणाशी नाते असलेला सर्वांत गाजलेला खटला लोकमान्य टिळकांचा. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. ‘केसरी’तील लेखांवरून १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. त्यांनी स्वतःच बाजू मांडली आणि त्यांचे भाषण २१ तासांहून अधिक चालले. सात विरुद्ध दोन अशा मतांनी ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले, आणि २२ जुलैच्या रात्री, त्यांच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. हेच दावर १८९७च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळवून देणारे वकील होते. ‘लोकमान्य : एक युगपुरुष’ (२०१५) या ओम राऊत दिग्दर्शित चित्रपटाने टिळकांचे चरित्र नव्या पिढीपुढे आणले. या खटल्यातले, ज्यूरीने दोषी ठरवल्यानंतरचे त्यांचे उद्गार सर्वांना ठाऊक असतात. वकिलाचा न्यायाधीश झालेला माणूस समोर बसला आहे, हे नाट्य माझ्या मते त्याहून कमी नाही.

महाडचा चवदार तळ्याचा खटला या नोंदीत मध्यभागी ठेवावा असा आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळ्याचे पाणी प्यायले. नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केले होते. सत्याग्रहानंतर तिने तो ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरायची, त्याच्या तोंडावर सवर्ण वादींनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्यामुळे त्या परिषदेत तळ्यावर पाणी प्यायचे नाही असे ठरले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन मात्र झाले. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना पाणी न देण्याची रूढी अनादी आहे, असे वादींचे म्हणणे होते. १९३१ साली खालच्या न्यायालयात ते हरले. ठाण्याच्या अपिलात १९३३ साली हरले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. अशी रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. पाण्याच्या एका ओंजळीवर दहा वर्षे लागली, तीही प्रतिवादींची बाजू प्रत्येक पायरीवर टिकून.

जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटात मामुट्टी यांनी आंबेडकरांची भूमिका केली. महाड म्हटले की प्रेक्षकाला तळ्याकाठची गर्दी आठवते. दाव्याची दहा वर्षे कोणाला आठवत नाहीत. १९३७चा निकाल देणाऱ्या खंडपीठावर न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड होते. अहमदाबादेत १८ मार्च १९२२ रोजी महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे जिल्हा न्यायाधीश हेच. ती देताना त्यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला दिला होता. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) चित्रपटात ट्रेव्हर हॉवर्ड यांनी त्यांची भूमिका केली असून, आरोपी आत येताच उठून उभा राहणारा न्यायाधीश त्यातून जगभर पोहोचला. एका दिवसात उरकलेला फौजदारी खटला पडद्यावर अजरामर झाला. त्याच माणसाचा महाडचा निकाल वकिलांच्या संदर्भग्रंथांत राहिला.

कोकणातल्या मुरूडच्या कर्वे घराण्यातले, संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे यांच्यावरही ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकुरावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांची वकिली डॉ. आंबेडकरांनी केली. कर्व्यांच्या जीवनावर अमोल पालेकर यांनी ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट केला.

कोर्टातली वाट पाहणे पडद्यावर आणणारे चित्रपट थोडे आहेत, पण ते फार मोलाचे आहेत. सईद मिर्झा यांचा ‘मोहन जोशी हाजिर हो!’ (१९८४) हा घरमालकाने चाळीची दुरुस्ती करावी म्हणून लावलेल्या दाव्याचा चित्रपट. न्यायाधीश पाहणीला येणार म्हणून मालक इमारतीला टेकू देतो. कोकणी चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्या ज्या चाळींत राहिल्या, त्यांची ही कथा. गोविंद निहलानी यांच्या ‘आक्रोश’मध्ये (१९८०) पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू स्वतःच्या वकिलाशीही बोलत नाही. पटकथा विजय तेंडुलकरांची. उलटतपासणीची भाषा ज्याची नाही, त्याच्या वाट्याला काय येते, हे त्या मौनाइतके स्पष्ट क्वचितच कोणी दाखवले असेल. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात एका लोकशाहिरावर त्याच्या गाण्याने सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप असतो. स्थिर कॅमेरा, तहकूब होणारी सुनावणी, बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईचे प्रकरण बाजूला ठेवणारे न्यायाधीश, घरी जाऊन स्वयंपाकाला लागणारी सरकारी वकील. तालुक्याच्या कोर्टात बसलेल्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटते.

कोकणात नाटकाचे वेड जुने, त्यामुळे खटल्याची गोडी इथे रंगमंचावरूनही आली. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ (१९६२) हे त्यातले सर्वांत लोकप्रिय. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली चित्रपट केला. त्यात हौशी मंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येतात आणि खेळाखेळात आपल्यातल्याच एका बाईला आरोपी करतात.

आज जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. ‘कोर्ट’ चित्रपटात एकाच दालनात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी ऐकू येतात ते यामुळेच खरे वाटते. १८ ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाले असून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्याकडे आले. सावंतवाडीच्या अपीलदाराला आता मुंबई गाठायची गरज नाही, आंबोली घाट चढला की पुरते. रायगड मात्र मुंबईकडेच राहिला.