काळ्या मातीतलं आणि रक्तातलं लोखंड

ऑगस्टात परभणीहून जिंतूरकडे निघालं की हिरव्यागार सोयाबीनमध्ये एखादं वावर पिवळंधमक दिसतं. जवळ जाऊन शेंड्याचं कोवळं पान हातात घ्या. शिरा हिरव्या, मधली जागा लिंबासारखी. खालची जुनी पानं मात्र ठणठणीत. शेतकरी लगेच सांगतो, "फेरस कमी पडलंय," आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, फवारतो.

गंमत म्हणजे जमिनीत लोखंडाला तोटा नाही. आपली काळी माती ज्या बसाल्टपासून झाली, त्यात शंभरात आठ-दहा भाग लोखंडच असतं. पण चुनखडीच्या जमिनीत सामू आठच्या वर गेला की ते गंजासारखं घट्ट बसतं, पाण्यात उतरतच नाही. घरात धान्य आणि कणगीला कुलूप.

आपल्या अंगातही असंच कुलूप आहे, फक्त ते शरीरानं मुद्दाम घातलेलं. मोठ्या माणसाच्या अंगात लोखंड जेमतेम तीन-चार ग्रॅम, त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनात. रक्तात फिरणारं ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाच्या ताब्यात असतं. या प्रथिनाच्या एक तृतीयांशच जागा भरलेल्या असतात, त्यामुळे सुटं लोखंड दिसलं की ते लगेच उचललं जातं. मोकळं लोखंड आपल्याच पेशींना पोळतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे जवळपास प्रत्येक जंतूला वाढायला लोखंड लागतं.

जंतू आत शिरले की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. आतड्यातून लोखंड रक्तात उतरण्याची वाट बंद, साठ्यातून बाहेर पडण्याचीही बंद. गेल्या वर्षी आईला ताप होता तेव्हा तिच्या रक्तातलं लोह फारच कमी आलं. मी गोळ्यांचं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "आधी ताप उतरू द्या, मग पुन्हा तपासू." तापातला तो आकडा पाहून साठा खरंच संपलाय की नुसता कुलपात आहे, हे कळत नाही. तेव्हा मला ते टोलवाटोलवी वाटलं होतं.

जंतूही काही हात बांधून बसत नाहीत. ई. कोलाय एंटेरोबॅक्टिन नावाचा रेणू बाहेर सोडतो. लोखंडाला तो अशी मिठी मारतो की ट्रान्सफेरिनच्या हातातलंही ओढून नेतो. अशा रेणूंना सायडेरोफोर म्हणतात. त्यावर आपल्या पांढऱ्या पेशी लिपोकॅलिन-२ नावाचं प्रथिन सोडतात, ते भरलेला एंटेरोबॅक्टिन वाटेतच धरतं. मग विषमज्वराच्या कुळातल्या साल्मोनेलानं त्याच रेणूला साखर चिकटवली. आता तो लिपोकॅलिनच्या मुठीत मावत नाही!

परम्याचा जंतू तर सायडेरोफोर बनवायच्या फंदातच पडत नाही. तो थेट ट्रान्सफेरिनला चिकटून लोखंड काढून घेतो, आणि तेही माणसाच्याच. माणूस आणि माकडांची ट्रान्सफेरिनं ताडून पाहणारा एक अभ्यास 2014 साली आला. त्यात हे प्रथिन नेमकं जंतू पकडतात त्याच जागी पुन्हा पुन्हा बदललेलं दिसलं.

ओढाताण लोखंडापुरती नाही. जखमेतला पू आपण घाण म्हणून पुसतो, पण पुवातल्या पांढऱ्या पेशींच्या आतल्या रसातलं निम्म्याच्या आसपास प्रथिन एकटं कॅल्प्रोटेक्टिन असतं. त्याचं काम जस्त आणि मॅंगनीज अडवणं. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाच्या जंतूनं तर लोखंडाचा नादच सोडला, तो मॅंगनीजवर भागवतो. मला विचाराल तर सगळ्यात हुशार तोच.

देवणी गाय व्याली की घरोघर चीक वाटला जातो. त्या चिकात लॅक्टोफेरिन असतं, तेही लोखंड धरून ठेवणारंच. आईच्या पहिल्या दुधात ते गाईच्यापेक्षा कितीतरी जास्त.

आता पुन्हा वावरात. गव्हाची मुळंसुद्धा सायडेरोफोरसारखे रेणू सोडून मातीतलं लोखंड सोडवून घेतात. ज्वारी यात जरा कंजूष. हरभरा पेरताना मर रोगासाठी आम्ही बियाण्याला सुडोमोनासची पावडर चोळतो. हा जंतू हरभऱ्याच्या मुळाशी बसतो आणि भोवतालचं लोखंड स्वतःकडे ओढतो. मर आणणाऱ्या बुरशीला उपाशी ठेवणं हा त्याचा एक डाव. प्रयोगशाळेत त्याची थाळी अतिनील दिव्याखाली धरली तर हिरवट-पिवळी चमकते. ती चमक त्याच्या रिकाम्या सायडेरोफोरची. लोखंड गवसलं की विझते.